डोक्यावर जड नको

पहिला हादरा बसला तेव्हा मी भाकरी थापत होते. तवा किंचित सरकला, फळीवरच्या ताटल्या एकमेकींवर वाजल्या आणि पायाखालची फरशी कुणीतरी खालून खांदा लावल्यासारखी हलली. बोईसरमध्ये राहणाऱ्या माणसाच्या मनात अशा वेळी एकच गोष्ट येते, कुठल्यातरी कंपनीत स्फोट झाला. मी गॅस बंद केला, दारात आले आणि पश्चिमेला एमआयडीसीच्या अंगाला पाहिलं. आळीतल्या सगळ्या बायका आपापल्या दारात उभ्या राहून तिकडेच बघत होत्या. धूर कुठेच नव्हता. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. त्याला फोन लावला तर तो म्हणाला, "इकडं काहीच नाही. मशीनवर होतो. काय झालं?"

फोन कानाला असतानाच मला आई दिसली. अंगणाच्या मधोमध, भिंतीपासून होईल तितकी लांब, अनवाणी उभी. माझी चार वर्षांची मुलगी तिच्या कडेवर होती आणि आईनं एका हातानं तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं होतं. मुलगी सुटायला बघत होती, आई सोडत नव्हती. जिला खुर्चीतून उठायला हात द्यावा लागायचा, ती मुलीला घेऊन माझ्या आधी बाहेर पोचली होती.

"आई, कंपनीत काहीतरी झालं असंल," मी म्हणाले.

"कंपनी न्हाई," ती म्हणाली. "भुई हाय."

संध्याकाळी कळलं की हादऱ्याचं मूळ डहाणू-तलासरीच्या बाजूला आहे. मग पुन्हा एक झाला, मग लहानमोठे कितीतरी. तिकडच्या पाड्यांवर लोक घराबाहेर ताडपत्रीखाली झोपायला लागल्याचं कानावर येत होतं. आमच्या आळीत आधी चर्चा झाली, मग चेष्टा झाली, मग लोकांनी सवय करून घेतली. कंपन्यांच्या शेजारी राहून आम्हाला भीती बाजूला ठेवून स्वयंपाक करता येतो. आईला ते जमणार नव्हतं, आणि का जमणार नव्हतं हे त्या आळीत माझ्या नवऱ्याशिवाय आणि माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

आमचं गाव लातूरकडचं. नवरा माझ्या आत्याचा मुलगा, म्हणजे आई त्याची मामी. आमच्याकडचा तो मोठा भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. गावातली घरं माळवदाची असायची. दगडमातीच्या रुंद भिंती, त्यांवर लाकडाच्या जाड तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर हातभर माती. आमच्या कोरड्या, भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात तेवढी माती डोक्यावर असली की घर गार राहायचं. आणि तेवढी माती पेलायची तर तुळई बाभळीची हवी. आजोबांनी घर बांधायच्या आधी बाभूळ तोडून वर्षभर पाण्यात बुडवून ठेवली होती, म्हणजे तिला कीड लागत नाही आणि उन्हानं ती तडकत नाही. घरात ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली जायची. ती तुळई खरंच मोडली नाही. भिंत सरकली आणि तुळई अख्खीच्या अख्खी खाली आली. तिच्याखाली माझी आजी आणि दीड वर्षाचा भाऊ सापडले. वडील आणि आई तुळई उचलायला बघत होते, शेजारचे दोघे धावून आले, तरी ती हलली नाही. भाऊ किती वेळ रडत होता हे आईनं कधी सांगितलं नाही. मी कधी विचारलं नाही.

पुढे नव्या गावठाणात पक्की घरं मिळाली. आई-वडील कितीतरी वर्षं त्या घराशेजारी पत्र्याच्या खोपटात झोपले. पक्क्या घरात ज्वारीची पोती राहायची. वडील गेल्यावर ती एकटी पडली, म्हणून दिवाळीनंतर आम्ही तिला बोईसरला आणलं. आमचं घर बैठं, स्लॅबचं, रेल्वेच्या पूर्वेला, पुढे छोटं अंगण. आली त्या दिवशीच तिनं मान वर करून स्लॅबकडे पाहिलं होतं. 

त्या हादऱ्यानंतर ती घरात आलीच नाही. न्हाणीत जाई तेवढीच, तीही दार उघडं ठेवून. अंगणात खाट टाकली, मच्छरदाणी लावली. थंडी होती तोवर निभावलं. फाल्गुन सरत आला आणि जमिनीकडचा कोरडा वारा सुटला. सकाळी दहालाच अंगण तापायचं. एक शेवग्याचं झाड होतं, त्याची सावली चाळणीतून पडल्यासारखी. आई डोक्यावर ओला पदर घेऊन त्या सावलीबरोबर खाट सरकवत राहायची.

"मामी, निदान दुपारी आत बसा," नवरा म्हणायचा. "मी दाराशी उभा राहतो पाहिजे तर."

"तुमी उभे ऱ्हाऊन काय धरणार?" ती विचारायची. टोमणा नव्हता तो. तिला खरंच उत्तर हवं असायचं.

नवऱ्यानं आधी तिच्या गावाकडच्यासारखं खोपट केलं. लोखंडी पाइप उभे केले, वर पत्रा टाकला. पत्रा हलका, पडला तरी माणूस मरत नाही, म्हणून आईनं विश्वासानं खाट त्याखाली नेली. दुसऱ्याच दिवशी दुपारी तिला घेरी आली. मी तिला सावरताना माझा दंड पाइपला लागला आणि चटका बसला. डॉक्टर बाईंनी रक्तदाब बघितला आणि स्वच्छ सांगितलं, या वयात पत्र्याखाली एक दुपार काढायची नाही. आम्ही पत्रा उतरवला.

तेव्हा आईनंच सांगितलं, "लाकडाचा मांडव घाला. पर माझं एक ऐका. जे माझ्या दोन हातांनी उचलत न्हाई, ते डोक्यावर नको."

एका रविवारी आम्ही तिला घेऊन पालघरला लाकडाच्या वखारीत गेलो. मला वाटलं होतं ती रिक्षात बसून राहील. ती आत आली. ओंडक्यांच्या थप्प्या दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेल्या, मधून चिंचोळी वाट, करवतीचा आवाज. वखारवाला बोलका होता. "आजी, बाहेर उन्हात ठेवायचं ना? मग साग घ्या. ऊन, पाऊस, वाळवी, कशाला दाद देत नाही. तीन पिढ्या जातील त्याखालून."

"पिढ्या जात्यात, खरं हाय," आई म्हणाली आणि पुढे जाऊन सागाच्या वाशाचं एक टोक उचलून बघायला लागली. टोक उचललं, वासा उचलला नाही. ऐनाचा बघितला, तोही नाही. ती एकेका थप्पीजवळ थांबायची, वाकायची, हात घालायची. वखारवाल्याला वाटलं म्हातारी पारखी आहे. मला तिच्या मानेवरचा घाम दिसत होता. त्या वाटेत आता, या क्षणी, भुई हलली तर काय, हा विचार माझ्याही डोक्यात आला आणि मग जाईना. थप्प्यांना दोन्हीकडून नुसत्या पाचरी लावलेल्या होत्या.

वाट संपते तिथे काही काळपट, जाड सालीचे ओंडके पडले होते. आई त्यांच्याजवळ गेली आणि उभीच राहिली. मग हळूहळू खाली बसली, दोन्ही हात जमिनीवर टेकून, जशी माणसं गाडी हलताना बसतात. मी जवळ गेले तर तिचे दात वाजत होते. उन्हाळ्याच्या भर सकाळी.

"बाभूळ हाय," ती म्हणाली. "वास आला मला."

वखारवाल्यानं पाणी आणलं, नवऱ्यानं तिला जवळजवळ उचलूनच बाहेर काढलं. त्या दिवशी आम्ही काही न घेताच परतलो.

नंतर नवऱ्यानं आपल्या बुद्धीनं सोय केली. त्याच्या ओळखीच्या सेंट्रिंगवाल्याकडे निलगिरीच्या बल्ल्या होत्या. बारीक, सरळ, हलक्या. नुकत्याच तोडलेल्या, साल सोललेली, अंगाला ओल. आईनं एकेक उचलून बघितली आणि मान हलवली. चार कोपऱ्यांना चार, वर आडव्या, त्यावर हिरवी जाळी आणि भाताचा पेंढा. आई त्याखाली पहिल्या दुपारी झोपली, अगदी घोरत. मी कितीदा तरी दारात येऊन तिच्याकडे बघून गेले. वाटलं, सुटलो.

चैत्राचं ऊन लागलं तसं ते ओलं लाकूड बोलायला लागलं. निलगिरी वरून भराभर वाळते, आत ओल राहते, आणि मग ती उभी फाटते. हे आम्हाला नंतर कळलं. आधी फक्त आवाज कळला. भर दुपारी, सगळं चिडीचूप असताना, "तडाक". पहिल्या आवाजाला आई खाटेवरून खाली पडली. मी धावत गेले, खांबाला बोटभर चीर गेलेली दाखवली.

"आई, हे बघ. लाकूड वाळतंय. दुसरं काही नाही."

तिनं चिरेवर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "तुळई बी आदी अशीच बोलली व्हती."

त्यानंतर दिवसातून कितीदा तरी तो आवाज यायचा. कधी खांबातून, कधी बरोबर डोक्यावरच्या आडव्या बल्लीतून. आई जेवायला बसली की घास हातात धरून वर बघत राहायची. मलाही तो आवाज ऐकू आला की माझं पीठ मळणं थांबायचं. आवाजानंतर मी फरशीवर तळवे टेकून बघायची, हलते का. एकदोनदा खरंच हलत होती. त्यामुळे पुढे कुठलाच आवाज नुसता लाकडाचा उरला नाही.

मग ती दुपार आली. मुलगी मांडवाखाली आजीजवळ भातुकली खेळत होती. मी आत डाळ फोडणीला टाकली. एक मोठा "तडाक" झाला आणि त्याच्या पाठोपाठ, किंवा त्याच्याबरोबरच, भांडी वाजली. छोटा हादरा होता, संपलासुद्धा. मी शेगडी बंद करून बाहेर आले. खाट रिकामी होती. भातुकलीतली चूल, पळी, सगळं जागेवर. आईच्या चपला खाटेखाली. फाटक उघडं.

आधी मी आळीत हाका मारत गेले. कोणी पाहिलं नव्हतं, सगळी आपल्याच दाराबाहेर येण्याच्या गडबडीत होती. रस्त्यावर आले. तिथून टँकर जातात, डंपर जातात, कोणी कुणासाठी थांबत नाही. डांबर पायाला लागत होतं आणि मला दिसलं की मीही अनवाणीच आहे. नवऱ्याला फोन केला, काय बोलले ते आठवत नाही, तो नुसता "कुठे? कुठे?" विचारत होता. मी रेल्वेच्या बाजूला पळाले. मग वाटलं, रुळाकडे कशाला जाईल, म्हणून उलटी पळाले. डोक्यात एकच होतं, आईला घर आणि छप्पर आणि खांब, सगळ्यांची भीती वाटते, पण गाडीची वाटत नाही.

वळणावर एक टेम्पोवाला सावलीला टेम्पो लावून टायर बघत होता. मी विचारायच्या आधीच तो उठला. "बूढ़ी माँ को ढूंढ रही हो? बच्ची को लेके खेत में गई, दीदी. बीच में जाके बैठ गई. मैंने बुलाया, सुनती ही नहीं."

भाताची खाचरं कापणीनंतर तशीच पडलेली, भेगाळलेली, पांढरीफटक. दूरपर्यंत एक झुडूप नाही. आई अगदी मध्यावर बसली होती. मुलीला मांडीत घेऊन, तिच्यावर वाकून, स्वतःचा पदर आणि पाठ यांची सावली करून. मी बांधावरून हाक मारली तर तिनं वर पाहिलं आणि हात हलवून मलाही बोलावलं.

"हितं ये," ती म्हणाली. "हितं वर काई न्हाई."

मी मुलीला ओढून घेतलं. तिचं अंग तव्यासारखं तापलं होतं, चेहरा लालभडक, ओठ सुकून चिकटलेले. हाक मारली तर डोळे अर्धे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. आई तिचा हात सोडत नव्हती. ती तिला भलत्याच नावानं हाक मारत होती. ते माझ्या भावाचं नाव होतं.

टेम्पोवाला माझ्या मागून पाण्याची बाटली घेऊन आला होता. त्यानंच मुलीच्या डोक्यावर पाणी ओतलं, तिला खांद्यावर टाकलं, आणि आम्हा तिघींना टेम्पोत घालून दवाखान्यात आणलं. वाटेत मी मुलीच्या छातीवर हात ठेवून बसले होते. हात काढला तर काहीतरी थांबेल असं वाटत होतं. आई शेजारी होती, तिचे तळपाय भाजून सालपटं निघाली होती. दवाखान्यात दोघींना सलाईन लावलं. संध्याकाळी मुलीनं डोळे उघडून पाणी मागितलं, मग बिस्कीट मागितलं. नवरा व्हरांड्यात भिंतीला टेकून खाली बसला आणि बराच वेळ उठला नाही.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं, "आता तिला तुझ्याजवळ एकटी ठेवणार नाही मी."

आई म्हणाली, "नको ठिऊस." आणि मुलगी जवळ आली की स्वतःच लांब सरकायला लागली. ते मला बघवत नव्हतं आणि मी तिला थांबवतही नव्हते. नवऱ्यानं बल्ल्या उपटून टाकल्या. आई पुन्हा शेवग्याच्या चाळणीत.

आमच्या आळीत पालघरजवळच्या माहीमची एक मावशी सुकी मासळी विकायला यायची. आई माळकरी, मावशीची टोपली फाटकात आली की नाकाला पदर लावायची. पण त्या आठवड्यात मावशीनं अंगणातले खड्डे बघितले, आईचे पाय बघितले आणि टोपली खाली ठेवून बसली. मी तिला सगळं सांगितलं.

"आमच्याकडं ये बघायला," ती आईला म्हणाली. "बोंबील वाळवायला आमी बांबू बांधतो, वलांड्या. नुस्ते बांबू. दर्याचा वारा हाय, ऊन हाय, दोन-तीन उन्हाळे खाल्लेत त्यांनी. जो फाटायचा तो कदीच फाटला, राहिला तो नाय आवाज करायचा आता."

"पडला तर?" आईनं विचारलं.

"पडतो ना. वाऱ्यानं पडतो कदीमदी. माज्या अंगावर पडलाय. मी उठून परत बांधला."

आईनं नाकावरचा पदर काढला.

माहीमला किनाऱ्यावर त्या वलांड्या वाळूत रांगेनं उभ्या होत्या, बांबूचे खांब, त्यांना आडवे बांबू आणि दोऱ्या, दोऱ्यांवर बोंबील माळेसारखे अडकवलेले. ऊन डोळ्यांत जात होतं. आई एका वलांडीजवळ गेली आणि तिनं खांब दोन्ही हातांनी धरून हलवला. सगळी रांग लयीत डुलली, बोंबील डुलले, आणि पुन्हा उभी राहिली. तिनं परत हलवली, जास्त जोरात. मावशी हसत होती. "हलव, हलव. नाय पडत." मग आई खाली वाळूत बसली, त्या वासाच्या अगदी खाली, आणि बराच वेळ वर बघत राहिली. मी मुलीचा हात धरून लांब उभी होते. हात घामानं भिजला तरी सोडला नाही.

हंगाम संपत आलाच होता म्हणून मावशीनं दोन वलांड्यांचे बांबू सोडवून दिले, करडे पडलेले, काठाला चिरलेले, दगडासारखे वाळलेले. छपरासाठी तिच्या वाडीतून माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप आणले. काथ्यानं बांधणी झाली, एक खिळा नाही. बांधून झाल्यावर आईनं छपराचा आडवा बांबू खालून उचलून बघितला. एका हातानं उचलला गेला. त्या बांबूंना मासळीचा वास होता आणि आई त्याखाली तुळशीची माळ घालून झोपायची. तिनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

चार-पाच दिवसांनी संध्याकाळी आम्ही तिघी मांडवाखाली होतो. आई लसूण सोलत होती, मुलगी साली वेचत होती, मी दोघींच्या मध्ये बसले होते. तिथेच मी नेहमी बसायचे त्या दिवसांत. हादरा आला. आजवरच्यांत मोठा, आधी एक धक्का आणि मग लांबट डुलणं. झापांतून धूळ खाली आली, बांबू करकरले.

पुढचं मला आठवतं ते फाटकाबाहेरून. मी रस्त्याच्या कडेला उभी होते, मुठीत लसणाच्या पाकळ्या. आणि मुलगी माझ्याजवळ नव्हती.

वळून बघितलं तर आई जागची हलली नव्हती. मुलगी तिच्या मांडीत होती. आईचे डोळे घट्ट मिटलेले, ओठ हलत होते, आणि तिनं मुलीचा दंड इतका दाबून धरला होता की नंतर तिथे नखांचे वण दिसले. ती घाबरली नव्हती असं कुणी म्हणू नये. ती थरथरत होती. पण बसली होती. डुलणं थांबलं तेव्हा तिनं डोळे उघडून आधी वर पाहिलं, मग मला शोधलं.

"ये," ती म्हणाली. "ये, बाई. संपलं."

मला फाटकातून आत पाऊल टाकवेना. मुलगी मला बोलवत होती आणि मी तिच्याकडे बघून रडत होते. शेवटी आईच मुलीला घेऊन बाहेर आली, माझ्या मुठीतल्या पाकळ्या सोडवल्या.

"मी तिला टाकून पळाले," मी म्हणाले.

"तवा बी तू अशीच पळाली व्हतीस," आई म्हणाली. घरात नेहमी सांगितलं गेलं होतं की गावाकडच्या त्या भूकंपात वडिलांनी मला उचलून बाहेर नेलं. "कुणी काढलं न्हाई तुला. आपली आपण उठून पळालीस. वेशीपाशी घावलीस आमाला दुपारी. म्हणून हाईस तू."

आईनं माझ्या कपाळावरचे केस मागे केले, लसणाच्या हातानं. त्या दिवसापासून मुलगी आजीजवळ राहिली तर मी काही म्हणत नव्हते. खरं तर, मीच कुठे बाहेर गेले तर तिला आजीजवळ ठेवून जायची.

पावसाळा लागला तसे झाप गळायला लागले आणि आईला आत यावं लागलं. खाट उंबऱ्याला लावून ठेवली, दार रात्रंदिवस उघडं. पावसाचे शिंतोडे तिच्या पायावर यायचे, पाय पुसून द्यायला गेले तर म्हणायची, असू दे. दसऱ्याला चुलतभाऊ आला आणि ती त्याच्याबरोबर गावी परत गेली. फोनवर पहिला प्रश्न अजून तोच असतो, "भुई काय म्हनती?"

भुई मधूनमधून अजून हलते. लहान हादरे, कित्येकदा कुणाला कळतही नाहीत. मला कळतात, किंवा न झालेलेही कळतात. रस्त्यानं जड टँकर गेला तरी मी फरशीवर तळवे टेकून बघते. मुलगी आता शाळेत जाते. तिथे त्यांना शिकवलंय की हादरा आला तर धावायचं नाही, बाकाखाली शिरायचं आणि डोक्यावर हात धरायचे. ती घरी येऊन मला करून दाखवते, टेबलाखाली अंग मुडपून बसते आणि मलाही बोलावते. मी म्हणते, बाहेर पळायचं, पहिल्यांदा बाहेर पळायचं. ती म्हणते, बाईंनी सांगितलंय, पळायचं नाही. दोघींपैकी कोण बरोबर ते मला सांगता येत नाही. मी वाकून तिच्याजवळ टेबलाखाली शिरते आणि वर फळीकडे बघते.